वारुळाची माती

१

शनिवारची दुपार चर्च सारवण्याची. पुरुषांना वाटतं, उपासना रविवारी सकाळी सुरू होते. डोंबलाची रविवारी! आम्ही बायका कमरेची कापडं वर खोचून, माती कालवून गुडघ्यांवर बसतो तेव्हाच ती सुरू झालेली असते. पुढच्या भिंतीपासून सारवत मागेमागे दाराकडे सरकायचं, शेवटची बाई उंबऱ्याबाहेर आली की काम संपलं. मग आमचे योतामू येतात, दाराला कुलूप घालतात आणि किल्ली दोरीने गळ्यात अडकवतात. योतामू म्हणजे माझे यजमान, कान्येंजे गावचे पाळक. लोक क्रूस घालतात, तुम्ही किल्ली घाला, असं मी त्यांना चिडवते.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे मी योतामूंकडून किल्ली आणि झाडू घेऊन सगळ्यांच्या आधी गेले. नवं चर्च बांधून होऊन फार दिवस झाले नव्हते, आत अजून ओल्या मातीचा वास होता. खिडक्या उघडल्या आणि बघते तर पुढच्या बाजूला सारवणावर खळगे. लहान, गोल, जोडीजोडीने पडलेले. ओलं असताना पडले होते आणि तसेच वाळले होते.

शेळी, मी म्हटलं. मेली झेनासची शेळी असणार, ती कुठेही शिरते. मग आठवलं की दाराला कुलूप होतं आणि खिडक्यांना आतून कड्या. बरं, मग कोंबडी असेल, आधीपासून आत राहिली असेल. पण कोंबडी कुठे होती? शीटसुद्धा नव्हती. मी फडकं ओलं करून खळगे पुसले, वर हात फिरवला. तेवढ्यात बाहेर आंब्याला टांगलेल्या ट्रकच्या रिंगेवर योतामूंनी लोखंडी कांब हाणायला सुरुवात केली. आमची घंटा ती.

२

आम्ही इथले नाही. आमच्या मंडळीने योतामूंना मिशनरी म्हणून दक्षिणेतल्या डोंगरातून इकडे पाठवलं, तेव्हा बरोबर एक सायकल, एक पेटी पुस्तकं आणि मी. माझं पोट तेव्हाही पुढे होतं.

ते बाळ राहिलं नाही. जन्मलं तेच निळं, मुलगा होता. म्हाताऱ्या गोगो नाम्वालेने त्याला माझ्याच पिवळ्या फुलांच्या कापडात गुंडाळलं आणि दोन बायकांना घेऊन ती मागच्या दाराने गेली. गोगो म्हणजे आजी, गावातली सगळी बाळंतपणं तिच्याच हातची. इकडे अशा बाळासाठी रडायचं नसतं. पुरुषांना बोलवत नाहीत, आणि कुठे नेलं हे खुद्द आईनेही विचारायचं नसतं. मी विचारलं नाही. योतामूंनी दोन दिवस सायकलची चेन साफ केली. तिसऱ्या दिवशी ते ओढ्यापलीकडच्या वस्तीवर प्रार्थनेला गेले. कुणाचं तरी दुखणं, कुणाचं भांडण, पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, वाटेत पंक्चर, संध्याकाळी घामाघूम होऊन मक्याच्या पिठाची न्सिमा आणि भोपळ्याची पानं खायची, असा त्यांचा दिवस. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचं दुःख पायडल मारून जातं, माझं घरात बसून राहतं.

आधी उपासना आंब्याखाली व्हायची. विटांचं चर्च पाहिजे, हा योतामूंचा ध्यास. चांगली वीट वारुळाच्या मातीची होते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मक्याच्या शेतांच्या कडेला घराएवढं उंच लाल वारूळ होतं. योतामूंनी मुखियाच्या अंगणात गाव गोळा करून ते मागितलं. पुरुष म्हणाले, "घ्या की खुशाल, पाळक. त्या ढेकळाला कोण विचारतंय!" मग आमच्या यजमानांनी इकडे कुणी करत नाही ते केलं. बायकांच्या बाजूला वळून विचारलं, "आणि बायांनो, तुमची काही हरकत?"

बायका खाली बघत होत्या. गोगो नाम्वाले हातातल्या शेंगेचं टरफल बोटांनी चुरत होती. कुणीच काही बोललं नाही. मला तर नवऱ्याचा अभिमान वाटला. घरी येताना मी म्हटलंसुद्धा, "बघा, बायकांनाही पटलं."

वारूळ फोडलं. आत काही निघालं नाही. बोटाएवढी वाळवीची राणी निघाली, ती झेनासने भाजून खाल्ली. माती तुडवली, विटा पाडल्या, भट्टी लावली, आणि उरलेली माती आत टाकून चोपून जमीन केली. चर्च उभं राहिलं तोवर मला पुन्हा दिवस गेले होते. डोहाळे म्हणाल तर मातीचे. इथे गर्भारशी खातातच, बाजारात गोळे मिळतात. मला तेही आणावे लागायचे नाहीत. लांबलचक प्रवचन चाललं की मी मातीच्या बाकाचा कोपरा नखाने उकरून खडा तोंडात टाकायची. वारुळाच्या मातीची चव फार छान असते.

३

पुढच्या शनिवारी मी सारवण्याआधी भिंती तपासल्या. बीळ, फट, काही.

"मायी, काय शोधताय एवढं?" दोरिका म्हणाली. ही झेनासची बायको, अंगाने भारी, तोंडाने त्याहून भारी. "आमच्या झेनासची अक्कल शोधत असाल तर सोडून द्या. मी लग्न झाल्यापासून शोधतेय."

"घूस शिरते की काय बघतेय."

दोरिका हसायची थांबली. तिने माझ्याकडे न बघता हात पुन्हा मातीत घातला. "घूस नाही शिरत," ती म्हणाली. बाकीच्या बायका एकदम जोरात गाणं म्हणायला लागल्या.

रविवारी दार उघडलं तर खुणा पुन्हा होत्या, आणि ह्या वेळी पुष्कळ. दारातून एकही आत आलेली नव्हती. त्या भिंतीपासून निघाल्या होत्या, चारी बाजूंच्या भिंतींपासून, आणि बायकांच्या बाजूला जाऊन वेगवेगळ्या जागी थांबल्या होत्या. मी पोट सावरत खाली बसले आणि एक नीट पाहिली. गोल खळगा गुडघ्याचा होता. त्याच्या पुढे पंजा होता, मधे तळवा, पाच बोटं. माझ्या अंगठ्याएवढा सगळा पंजा.

रांगणारं मूल कुणीतरी आत सोडलं असेल, मी स्वतःला समजावत होते. कुणाचं? एवढ्या हाताचं मूल रांगत नाही, एनेलेसी. एवढ्या हाताचं मूल कूस बदलत नाही.

पुसायला फडकं भिजवणार तोच बायका आल्या. घंटा व्हायची होती, तरी आल्या. एरवी त्या कोपराला कोपर लावून बसतात, कुणाच्या सुनेने काय केलं ते सांगत. त्या दिवशी त्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि एकेक जण एकेका खुणेवर जाऊन बसली. पाय लांब करून, मांडी मोकळी ठेवून. दोरिका खांबापाशी एकटीच बसली. कुणी एकमेकींकडे बघितलं नाही. प्रवचनभर त्या अगदी हळू डुलत होत्या, आणि त्यांचे हात मांडीवर ठेवलेले नव्हते. मांडीच्या जरा वर होते.

एक माग माझ्या बाकापर्यंत आला होता. मी पाय वर घेऊन बसले.

घरी आल्यावर योतामू खुशीत होते. "आज बायका किती शांत होत्या, पाहिलंस? वचन रुजतंय, एनेलेसी!"

"हो," मी म्हटलं, आणि उसिपा मासळी तव्यावर टाकली ती करपवली.

४

गोगो नाम्वाले अंगणात शेंगा सोलत होती. मी शेजारी बसून सोलायला लागले. इथे रिकाम्या हाताने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

"गोगो, चर्चच्या जमिनीवर काय आहे?"

"सारवण."

"गोगो, मी खेळायला नाही आले."

"मग पोट घेऊन उन्हात कशाला आलीस?" तिने टरफल उडवलं. "कसली माती आहे ती?"

"वारुळाची."

ती सोलत राहिली. मीही सोलत राहिले, आणि मग माझे हात थांबले. मक्याच्या शेतांच्या कडेची ती वाट. बायका ओढ्यावर जाताना तिथे नेहमी डोक्यावरचं कापड सारखं करायच्या.

"माझं पण?" मी विचारलं.

"उगवतीच्या बाजूला. कापडासकट ठेवलं होतं. वाळवी काही मागे ठेवत नाही, म्हणून तर तिथे."

मी कुंपणाशी गेले आणि ओकले. लाल ओकारी होती. किती दिवस मी तो बाक खात होते!

"बोलला का नाहीत तेव्हा?" मी ओरडलेच तिच्यावर. "योतामूंनी विचारलं होतं ना! तोंडाने विचारलं होतं!"

"पुरुषांसमोर? पुरुषाच्या कानावर गेलं की जिने सांगितलं तिच्या पोटातलं राहत नाही. माझं पोट म्हातारं झालं, पण तिथे आमच्या सुना बसल्या होत्या. आणि मला काय ठाऊक असं होईल म्हणून. मला वाटलं, माती ती माती." तिने माझी पाठ चोळली. "रडू नको. ती वाईट नाहीत गं. उचलून घ्या म्हणतात, बस. त्यांना कुणी कधी पाठीला बांधलंच नाही. आम्ही घेतो तासभर. गाणं संपलं की जातात. तुझं तेवढं तसंच परत जातं."

"मी नाही घेणार."

"मायी."

"नाही म्हणजे नाही! माझ्या पोटात हे आहे. ह्याला काही झालं म्हणजे?"

गोगोने माझ्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणूनच घे म्हणते," ती म्हणाली.

५

मी घेतलं नाही. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, पाळकाची बायको. दिवस भरत आले की बायकांना भास होतात, हेही मला माहीत होतं. मी बाक सोडला आणि पाय सुजलेत सांगून उपासनेला दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. पुढच्या रविवारी माग बाकापाशी थांबला नव्हता. तो बाकाला वळसा घालून उंबऱ्यापर्यंत आला होता.

त्याच आठवड्यात मी आमच्या घराचा ओटा सारवला, ओढ्याकडच्या काळ्या मातीने. जेवण करून बाहेर येते तर ओल्या काळ्या मातीत खुणा. पायरीपासून दारापर्यंत. दारापाशी दोन पंजे शेजारी शेजारी टेकलेले, आणि पंजांच्या खळग्यात लाल मातीची पूड.

"अहो, इकडे या जरा."

योतामू वाकले. "मांजर."

"मांजराला पाच बोटं असतात का?"

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकले, आणि काही वेळ तसेच राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "तू थोडी झोप घे." पण त्या दिवशी ते वस्तीवर गेले नाहीत. ओट्यावर बसून सायकलची चेन साफ करत होते.

आणि मग सिमेंट आलं. चर्चच्या समर्पणाला मोठ्या मंडळीचे प्रमुख येणार, म्हणून कुणा भल्या माणसाने पोती पाठवली होती. योतामूंनी उपासनेत जाहीर केलं, "बहिणींनो, तुमची शनिवारची कटकट गेली! आता सिमेंटची जमीन!" पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूने एकही टाळी नाही.

दुपारी दोरिका घरी आली. रडून तोंड सुजलेलं, थट्टा नाही, मस्करी नाही. "मायी, पाळकांना थांबवा."

"काय सांगून थांबवू, दोरिका?"

"ते तुम्ही बघा. त्यांच्या शेजारी तुम्ही झोपता, मी नाही. तिथे माझी दोन आहेत, मायी. दोन."

संध्याकाळी न्सिमा वाढताना मी तोंड उघडलं. "अहो, सिमेंट नको."

"का बरं?"

पोटातलं बाळ दिवसभर लाथा मारत होतं. मी शब्द जुळवायला लागले आणि ते थांबलं. एकदम स्तब्ध. मी पळी धरून उभी, योतामू माझ्याकडे बघतायत, आणि आत काही हालत नाही.

"बायकांचे गुडघे दुखतील," मी म्हटलं.

योतामू हसले. आत एक लाथ बसली, आणि मला रडूच फुटलं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. सिमेंट पडलं की सगळं झाकलं जाईल, मीही सुटेन, असं मला वाटलं.

६

समर्पणाला चर्च गच्च भरलं होतं. करडी, गुळगुळीत जमीन, पाय ठेवला की गार लागणारी. खुणेला जागाच नाही. बायका बसल्या होत्या, हात मांडीवर पडलेले. सबंध उपासनेत एकही डुलली नाही. दोरिका खांबाला डोकं टेकून रडत होती आणि झेनास शेजारच्याला कौतुकाने सांगत होता, "बायको फार भाविक आहे माझी." पाहुणे प्रमुख योतामूंच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी छान बोलत होते, तेव्हाच मला पहिली कळ आली.

मुलगा झाला. लाल, धडधाकट, रडून घर डोक्यावर घेणारा. योतामू अंगणात गुडघ्यांवर बसले आणि मोठमोठ्याने देवाचे आभार मानायला लागले. मी गोगो नाम्वालेकडे पाहिलं. तिला हसू आलं होतं, पण ती बाळाला पुसता पुसता सारखी दाराकडे बघत होती.

"संपलं ना आता, गोगो?"

"सिमेंट टाकलं तेव्हा बाकीची आत होती," ती म्हणाली. "तुझं बाहेर होतं."

७

बाळाची नाळ नुकती गळून पडली होती. दुसऱ्या दिवशी गोगो त्याला बाहेर उन्हात आणून सगळ्यांना दाखवणार होती, म्हणून घर सारवायला काढलं. भर दुपार. योतामू सायकल घेऊन ओढ्यापलीकडे गेलेले. बाळ आतल्या खोलीत चटईवर झोपलेलं. मी बाहेरच्या खोलीत, आतल्या दाराकडे पाठ करून, ओढ्याची काळी माती लावत होते. बाहेर कुणीतरी मका कांडत होतं. तो आवाज चांगला वाटत होता, माणसांचा.

कांडणं थांबलं. त्या शांततेत दुसरा आवाज आला. चप्. जरा थांबून पुन्हा चप्. ओल्या मातीवर कुणी हात टेकावा तसा.

मी मान वर केली नाही. पाल असेल. छपरातून काही पडलं असेल. माझा डावा हात मातीत होता, त्याच्याशेजारी वीतभर अंतरावर मी आत्ताच सपाट केलेलं सारवण दबलं. कशानेच नाही, आपलं आपण दबलं. पाच बारीक बोटं उमटली. मग जरा पुढे दुसरी पाच. माझ्या मनगटाला गार वारा लागावा तसं काहीतरी घासून गेलं, आणि मला वास आला, चर्चच्या बाकाच्या कोपऱ्याचा तो वास. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्याची मला अजून किळस येते.

चप्, चप्, माझ्या पाठीमागे, आतल्या दाराकडे. मला ओरडायचं होतं. नाव घेऊन थांबवायचं होतं. पण त्याला नाव कुठे दिलं होतं?

मग आवाज थांबला. मी कशी उठले मला माहीत नाही, माझ्याच सारवणावरून घसरत आत गेले. खुणा चटईपर्यंत गेल्या होत्या. चटईपासून परत एकही आली नव्हती.

बाळ मी ठेवलं होतं तसंच उताणं होतं. जागं होतं. रडत नव्हतं. माझ्या घरातली सगळी माती काळी, आणि त्याचे दोन्ही तळवे लाल. गुडघे लाल. ती माती ओली नव्हती, जुनी वाळलेली होती, नखांत भरलेली. मी बघत असताना त्याने दोन्ही हात वर केले. एवढंसं मूल असे हात वर करत नाही. उचलून घे म्हणून, असे.

मी काय करायला हवं होतं? पळून जायला हवं होतं? चटईवर माझं मूल होतं. मी उचललं. घट्ट धरलं. सकाळपेक्षा जड होतं ते. त्याने माझ्या गळ्याशी तोंड खुपसलं आणि इतका मोठा सुस्कारा टाकला की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

योतामू आले तोवर मी त्याला न्हाऊ घातलं होतं. तरी त्यांच्या लक्षात आलंच. "नखं कशाने भरलीत ह्याची?"

"मातीने."

त्यांनी बाळाला घेतलं आणि जरा वजन जोखल्यासारखं खालीवर केलं. "आज जड लागतोय."

"अंग धरतोय," मी म्हटलं. ते बाळाला माझ्याकडे देऊन बाहेर गेले आणि ओट्यावर बसून राहिले.

बाप्तिस्म्याच्या दिवशी सिमेंटच्या जमिनीवर उभं राहून त्यांनी रीतीप्रमाणे मला विचारलं, बाळाचं नाव काय? घरात ठरलं होतं एकच, त्यांच्या वडिलांचं, येसाया. मी दोन सांगितली. दुसरं, त्या पहिल्यासाठी मनात धरून ठेवलेलं. योतामूंचा हात पाण्यातच थांबला. बायकांच्या बाजूने हळूहळू टाळ्या यायला लागल्या, इथे मान देताना हात पोकळ करून वाजवतात तशा. सगळ्यांत आधी दोरिकाची. मग योतामूंनी ओंजळ भरली आणि दोन्ही नावं उच्चारली, एकदाही न अडखळता.

आता घरात मूल छान वाढतंय, गोगोसुद्धा तसंच म्हणते. मी रोज त्याला येसाया म्हणून हाक मारते आणि वाट बघते. अजून तो त्या नावाला मान वळवत नाही. दुसऱ्या नावाने हाक मारायची माझी छाती होत नाही.